बाकावरचा कांदा

दप्तर खुंटीला न अडकवता ऋतुजा थेट स्वयंपाकघरात आली आणि तिनं ओट्यावर एक कांदा ठेवला. मी पिठलं ढवळत होते.

“हा कुठनं आणलास?”

“माझ्या बाकावरचा हाय.”

“बाकावर कांदा? कुणाचा?”

“माझाच म्हणं आता. पोतदारबाई म्हटल्या, हिच्या बाकावर कायम एक कांदा पाहिजे. हिला काय झालं की लगेच नाकाला लावायचा, कुणी घाबरायचं न्हाई.” एखादी कविता पाठ म्हणावी तसं तिनं सांगितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. “आई, बाईंना कुणी सांगितलं?”

पळी हातात तशीच राहिली. पिठलं खाली लागल्याचा वास आला तेव्हा कुठं मी स्टोव्ह बंद केला.

ऋतुजाला फिट यायची. चौथीत असताना पहिल्यांदा आली. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, तेव्हापासून सहा-आठ महिन्यांतून एखादी, तीही बहुधा झोपेत. डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं होतं, कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. फक्त कुशीवर वळवायचं आणि शेजारी बसून राहायचं. पण आमच्या यंत्रमागाच्या गावात फिट म्हटलं की पहिल्यांदा कांदा, आणि कांदा नसला तर पायातली चप्पल. त्याच्या पुढं जाऊन लोक काय काय बोलतात ते मला माहीत होतं. मुलीच्या जातीला असला आजार आहे हे एकदा बाहेर फुटलं की ती कितीही शिकू दे, गुणाची असू दे, लोकांच्या तोंडी तिचं दुसरं नाव पडतं. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून ते झाकून ठेवलं होतं. मिरजेला जाताना सासूबाईंनासुद्धा दात दाखवायला चाललोय असं सांगत होते. दोन वर्षं एका पोरीचे दात दुखतायत, आणि सासूबाई रोज देवाजवळ तिच्या दातांसाठी गाऱ्हाणं घालतायत, असं आमच्या घरात चाललेलं होतं.

“वर्गात कोण काय बोललं?”

“मधल्या सुट्टीत पोरं नाक दाबून माझ्या बाजूनं पळत होती.”

“आणि कांदा कुणी आणला?”

“अमृतानं दिला. बाईंनी विचारलं, आत्ता कुणाजवळ कांदा मिळंल काय? तिनं दप्तरातनं काढला नि ठेवला माझ्यापुढं.”

अमृता म्हणजे ऋतुजाच्या शेजारी बसणारी, जिवाभावाची मैत्रीण. सुमित्राक्का हुक्केरीची मुलगी. ते दप्तराचं वाक्य माझ्या कानावरून तसंच गेलं. माझ्या डोक्यात एकच घण पडत होता. घरातली आम्ही दोघं आणि मिरजेचे डॉक्टर सोडले, तर ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला माहीत होती, आणि ते माणूस म्हणजे सुमित्राक्का.

सुमित्राक्काची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर सासू आणि मुलगी सांभाळत ती एकटी चालवायची. सगळा जन्म त्या घरघराटात गेल्यामुळं तिला हळू बोलणं म्हणून ठाऊकच नव्हतं. देवळात कुजबुजली तरी पुजारी वळून बघायचा. आमची दोघींची ओळख झाली ती शाळेतच, आणि तीही एका भांडणात. नगरपालिकेच्या त्या शाळेत व्हरांड्यातल्या फळ्यावर फुकट गणवेश मिळणाऱ्या मुलांची नावं लिहिलेली असायची. नावं, शेजारी जात, शेजारी बापाचा धंदा. ऑइलपेंटनं, म्हणजे पुसायची सोयच नाही. एका पालकसभेला मी उठून म्हटलं, हे नको, मुलं एकमेकांना त्यावरून चिडवतात. हेडसर म्हणाले, वरून तपासणीला लोक येतात, त्यांना दिसायला लागतं. सभा संपली. मी चपला घालत होते तर मागं खरखर आवाज यायला लागला. बघते तर सुमित्राक्का पदर खोचून, गिरणीतला पत्र्याचा तुकडा घेऊन फळा खरवडत होती.

“लेकराच्या घरातलं घरात ऱ्हावं,” ती सगळ्या व्हरांड्याला ऐकवत होती. “शाळेनं शिकवावं. पोरांच्या घरची लक्तरं वाळत घालायला ही काय दोरी हाय?”

मी घरातनं खोबरेल आणि सुरी आणली आणि तिच्या शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत फळा कोरा झाला. त्या दिवसापासून आम्ही एका जिवाच्या. पुढच्या वर्षी शाळेची समिती निवडली तेव्हा ती अध्यक्ष झाली आणि मी सदस्य. घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता मी मुद्दे काढायची आणि ती ते गर्जून बोलायची. तिला मुद्दे सुचत नसत, मला आवाज नव्हता. दोघी मिळून एक चांगला पुढारी तयार होत होता.

आणि त्या वर्षी पुढाऱ्याची गरज पडली. शाळेचं छत गळत होतं. नगरपालिका म्हणायची, दुरुस्तीला निधी नाही. अक्का विचारायची, आमच्याकडनं शिक्षण कर घेता तो जातो कुठं? उत्तराऐवजी बातमी आली की शाळा बंद करून बायपासच्या पलीकडच्या शाळेत मिसळायची आणि मेन रोडवरच्या ह्या जागेत गाळे काढायचे. बायपास म्हणजे उसाचे ट्रॅक्टर, सुताचे ट्रक आणि दिवस-रात्र सुसाट जाणाऱ्या गाड्या. गेटवर लावायच्या फ्लेक्ससाठी ओळ मीच सुचवली होती. ‘आमची लेकरं बायपास ओलांडणार नाहीत.’ खाली समितीचं नाव.

त्याच धावपळीत एकदा गिरणीत बसलेलो असताना ऋतुजाची गोळी चुकल्याचं माझ्या लक्षात आलं आणि मी रडायला लागले. अक्कानं विचारलं आणि मी सांगून टाकलं. शाळेत कुणाला तरी माहीत असायला हवं, ही भीती मला कधीपासून खात होती. तिनं डोळ्यांचं पातं हलू न देता ऐकलं. म्हणाली, “गोळी एकबी चुकवायची न्हाई. जागरण करू द्यायचं न्हाई. तापात जास्त जपायचं.” मला वाटलं, बाईला किती समज आहे. मग तिनं पलीकडं डबा खात बसलेल्या अमृताकडं हात केला. “हिच्या गळ्याशपथ, शालन. ह्या कानाचं त्या कानाला कळणार न्हाई.”

त्या कांद्याच्या दिवशी मी पहिल्यांदा पोतदारबाईंच्या घरी गेले. बाई भाजी निवडत होत्या. मला बघून त्या आनंदानं उठल्या.

“या, या मगदूमताई. अहो, तुमच्या ऋतुजामुळं शाळा राहिली की.”

“म्हणजे?”

“तुम्हाला माहीत नाही? सोमवारी समितीची माणसं नगरपालिकेत मुख्याधिकारी साहेबांकडं गेली होती ना.”

सोमवारी मी ऋतुजाला घेऊन मिरजेला गेले होते. दात दाखवायला. समितीबरोबर जायचं माझं तेवढं एकच चुकलं होतं.

“साहेबांनी आज सकाळी हेडसरांना फोन केला,” बाई सांगत होत्या. “म्हणाले, शाळा हलवायचं आम्ही थांबवलंय. पण तुमच्या सहावीत मगदूमांची मुलगी आहे, तिला फिट येतात, तिची नीट काळजी घ्या, उद्या काही झालं तर जबाबदारी तुमच्यावर. मग मी काय करणार? मुलांना समजावून सांगितलं. माझं काही चुकलं का हो?”

भोळी बाई. तिच्या डोळ्यांत खरोखरच काळजी होती. तिच्यावर ओरडून काय करू? मी एवढंच म्हटलं की डॉक्टर कांदा नको म्हणतात, आणि बाहेर पडले.

गिरणीसमोर बायका डबे घेऊन थांबल्या होत्या. आत ज्वारीचं दळण चाललं होतं. अक्का पिठानं पांढरी झालेली, पापण्यांपर्यंत.

“ये की शालन,” ती घरघराटावरून ओरडली. “गाव पेढं वाटायलंय आणि तू तोंड पाडून व्हय?”

“अक्का, मुख्याधिकाऱ्यांना ऋतुजाचं नाव कुणी सांगितलं?”

तिनं बटण बंद केलं. पट्टा फडफडत थांबला. बाहेर बसलेल्या बायकांचं बोलणंही थांबलं.

“मी,” ती म्हणाली.

तिनं नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. खोटं बोलणाऱ्या माणसावर रागावणं सोपं असतं.

“तू नव्हतीस शालन, तुला काय सांगू. साहेब ऐकंनाच. म्हणला, सगळीकडची पोरं रस्ते ओलांडतात, तुमचीच काय मेणाची हायत? बरोबर आलेली मंडळी खाली मान घालून बसली. मग माझ्या तोंडातनं गेलं, आमच्यात एक फिट येणारी पोरगी हाय. भर रस्त्यात पडली तर उचलायला तुम्ही येणार काय? तसा तो गप झाला. मग म्हणला, अशी मुलगी खरंच आहे, का भाषणापुरती? नाव सांगा. सगळे माझ्याकडं बघाय लागले.”

“आणि तू सांगितलंस.”

“सांगितलं. एका नावावर शाळा ऱ्हायली, शालन. सगळ्या गल्लीची पोरं हायत त्या शाळेत. तुझी सुदीक.”

“शपथ घेतली होतीस तू.”

“घेतली होती की. मोडली. देव बघून घेईल माझं काय करायचं ते.” तिनं पदरानं तोंड पुसलं, पीठ आणखीच पसरलं. “दुसरा उपाय असता तर मी केला नसता? दुसरं नाव कुठनं आणायचं मी?”

मी तिच्या मागं बघत होते. भिंतीला खिळ्यावर अमृताचं दप्तर टांगलेलं होतं, निळं, कडेनं शिवण उसवलेलं. आणि मघाशी कानावरून गेलेलं वाक्य तेव्हा परत आलं. बाईंनी विचारलं, आत्ता कांदा मिळेल का. आत्ता. शाळेत खिचडी बाहेरून शिजून येते, तिथं कांद्याची सालसुद्धा नसते.

“अक्का,” मी म्हटलं, “सहावीतल्या पोरीच्या दप्तरात कांदा कशाला असतो?”

तिनं दाराकडं बघितलं, बाहेरच्या बायकांकडं बघितलं आणि हात लांब करून गिरणीचं बटण दाबलं. दाणा न घालताच गिरणी चालू केली. जातं नुसतंच दगडावर दगड फिरायला लागलं, आणि त्या आवाजात ती माझ्या कानाशी आली. जन्मात पहिल्यांदा मी सुमित्राक्काला हळू बोलताना ऐकलं.

“सासू घालती. दुसरीपासनं. किती सांगितलं, डॉक्टर नको म्हणतात, तरी घालती.”

म्हणजे गोळी चुकवू नको, जागरण नको, तापात जप, हे सगळं तिला घरातून माहीत होतं. माझं मन मोकळं होईपर्यंत ती ऐकत बसली होती, मी रडत होते तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तिच्या मुलीला तोच आजार आहे हे तिनं मला, मला, सांगितलं नव्हतं. आणि ज्या गळ्याची शपथ घेतली तो गळाही तिनं असा जपून ठेवला होता.

“मग दुसरं नाव तुझ्या घरातच होतं की,” मी म्हटलं.

“अमृताचं मला लगीन करायचंय, शालन.”

“आणि माझ्या ऋतुजाचं?”

गिरणी मोकळीच फिरत होती. मग ती म्हणाली, “तुझ्या पोरीला बाप हाय. माझीला मी एकटी. माझ्या पोरीचं नाव झालं तर तिच्या पाठीमागं उभं ऱ्हायला कोण हाय सांग.”

“मी होते,” मी म्हटलं.

एवढंच बोलले आणि बाहेर आले. बायकांनी मला वाट दिली. त्यांतली एक म्हणाली, पोरीला जप गं बाई. गावाला कळायला एक दिवससुद्धा लागला नव्हता. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मी तोपर्यंत नुसतं बोलण्यात ऐकलेलं होतं.

घरी आले तर ऋतुजा कांद्याकडं बघत बसली होती. सासूबाई कोपऱ्यात रडत होत्या. त्यांनाही शेजारणीनं सांगितलं होतं. आमचे हे मागावरची पाळी संपवून आले, सगळं ऐकलं, आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

“शनिवारी पालकसभा आहे,” मी म्हटलं. “तिथं सगळ्यांच्या पुढं विचारते मी तिला. तिच्या अमृताचंही सांगते. बघूया तिचा आवाज किती चढतो.”

“आई, नको,” ऋतुजा म्हणाली.

“तुला माहीत नाही काय ते.”

“माहीत हाय. अमृताला येती.” तिनं माझ्याकडं न बघताच सांगितलं. “मागच्या वर्षी मैदानाच्या मागं तिला आली होती. आम्ही दोघीच होतो. मी तिला कुशीवर वळवलं, डॉक्टर म्हणाले होते तसं. मग ती उठल्यावर आम्ही तिचा फ्रॉक झाडला आणि वर्गात गेलो.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“तिनं सांगू नको म्हटलं होतं की.”

मी लेकीचं तोंड बघत राहिले. अकरा वर्षांची पोर. एका वाक्यावर वर्षभर गोष्ट पोटात ठेवून बसली होती, आईजवळसुद्धा सोडली नव्हती.

“आज तिनं कांदा काढला तेव्हा रडत होती ती,” ऋतुजा म्हणाली. “बाई मागं वळल्या होत्या, त्यांना दिसलं नाही. तू सांगू नकोस हं शनिवारी. शप्पथ घे.”

मी शपथ घेतली नाही. शपथेवरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला होता. नुसती मान हलवली.

शनिवारी शाळेच्या मधल्या चौकात सतरंज्या अंथरल्या होत्या. एवढी माणसं मी कुठल्याच सभेला पाहिली नव्हती. शाळा वाचली म्हणून हेडसरांनी अक्काच्या गळ्यात हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं भिंतीशी बसले होते. शेजारच्या बाईनं पदर सावरला आणि थोडी सरकून बसली. माझ्या अंगाला काही लागलेलं नव्हतं, पण सरकली.

हार काढून होतोय तोवर भोरे नावाचे एक पालक उठले. त्यांचं किराणा दुकान होतं, माणूस मवाळ, नेहमी नमस्कार करूनच बोलणारा.

“अध्यक्षबाई, एक विनंती हाय,” ते म्हणाले. “मगदूमांच्या पोरीबद्दल आम्हाला वाईटच वाटतंय. पर आमची पोरगी त्याच वर्गात हाय. चार दिस झाले, शाळेला जायला घाबरती. वर्गात काय झालं तर बारकी पोरं काय करणार? त्या पोरीला येगळं बसवावं, एवढंच म्हणणं हाय. दाराजवळ एक बाक द्या. तिच्या भल्यासाठीच.”

“खेळायला बी घेऊ नये,” पुढून एक बाई म्हणाली. “पडली-बिडली तर नाव आमच्या पोरांवर यायचं.”

मग सगळेच बोलायला लागले. वाईट कुणीच बोलत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी माझ्या मुलीचं भलंच होतं.

मी उठले. म्हटलं, डॉक्टरांनी तिला सगळं करायला सांगितलंय. खेळायला, पळायला, सगळं. हा काही एकमेकांना लागणारा आजार नाही. माझा आवाज चौकाच्या निम्म्यापर्यंतही पोचला नसेल. माझे मुद्दे नेहमी दुसरंच कुणीतरी बोलत आलं होतं, आणि ती बाई समोर खुर्चीवर बसली होती. मी तिच्याकडं बघितलं. मनात म्हटलं, अक्का, आता बोल. तुझ्या लेकीचं नाव घेऊ नकोस. तिच्याबद्दल एक अक्षर काढू नकोस. पण लेकराच्या घरातलं घरात, हे तुझंच वाक्य एकदा तुझ्या त्या आवाजात बोल. तुझ्या एका ओरडण्यावर हे सगळे खाली बसतील.

हेडसर म्हणाले, “समितीनं ठराव केला तर शाळेची हरकत नाही.”

अक्कानं खुर्चीच्या हातांवर हात टेकले आणि उभी राहिली. क्षणभर मला खरंच वाटलं की ती बोलणार.

“येगळं बसवावं असं ज्यांना वाटतं,” ती म्हणाली, “त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. बांगड्या वाजल्या. भिंतीला टेकलेली माणसंसुद्धा उठून हात वर करत होती. अक्कानं स्वतः हात वर केला नाही. ती मोजत होती. एकेका रांगेवरून बोट फिरवत, ओठ हलवत, नीट मोजत होती. माझ्या रांगेपाशी आली तेव्हा तिची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडं व्हरांड्याच्या भिंतीवर गेली. भिंतीवर तो खरवडलेला फळा होता.

शब्द माझ्या जिभेवर होता. एकच नाव. अमृता हुक्केरी, दुसरीपासून. एवढं म्हटलं असतं की सगळे वर गेलेले हात तसेच हवेत राहिले असते आणि अक्काची ती मोजणी तिच्याच घशात अडकली असती. आज इतक्या वर्षांनीसुद्धा त्या शब्दाची चव माझ्या तोंडात आहे. पण चौकाच्या दारात मुलं येऊन उभी राहिली होती, सभा संपायची वाट बघत. त्यांत अमृता होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि तिनं ऋतुजाचा हात घट्ट धरून ठेवला होता. ऋतुजा माझ्याकडं बघत होती.

मी चपला घातल्या, पोरीला घेतलं आणि निघाले. मागून अक्काचा आवाज आला, “ठराव मंजूर.” नेहमीसारखाच, खणखणीत.

सोमवारी मी दाखला काढायला गेले. हेडसर म्हणाले, घाई करू नका ताई, बाक अगदी दाराजवळ वाऱ्याला ठेवतो. मी म्हटलं, वारा नको आम्हाला. दाखल्याची वाट बघत होते तेवढ्यात ऋतुजा तिच्या जुन्या वर्गात जाऊन आली. प्रार्थना चालू होती, वर्ग रिकामा असणार.

“काय करत होतीस?”

“अमृताच्या दप्तरात कांदा ठेवून आले.”

“डॉक्टर कांदा नको म्हणतात ना?”

“तिची आजी दर सोमवारी बघती दप्तर. नसला तर तिला रागावती.” ती चालता चालता म्हणाली. “आणि दुसऱ्या कुणाला मागाय लागली तर कळंल की सगळ्यांना.”

सुमित्राक्काशी मी पुन्हा बोलले नाही. दळण दुसऱ्या गिरणीत न्यायला लागले, लांब पडायचं, तरी. पुढं अमृताचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडची दोन माणसं माझ्याकडं चौकशीला आली होती, मुलगी कशी आहे म्हणून. मी म्हटलं, सोन्यासारखी आहे, माझ्या मुलीची मैत्रीण आहे. ते मी अक्कासाठी केलं नाही. अक्कावरचा माझा राग आजही जसाच्या तसा आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

दुसरी शाळा म्हणजे अर्थात तीच, बायपासच्या पलीकडची. जवळ तेवढी एकच होती. त्या पहिल्या सकाळी मी ऋतुजाला घेऊन निघाले. जुन्या शाळेवरूनच वाट होती. आत मुलं ओळीनं उभी होती, छतावर नवे पत्रे चढवायला माणसं आली होती. गेटवर आमचा फ्लेक्स अजून तसाच होता, वाऱ्यानं एक कोपरा सुटलेला. ऋतुजानं तो मोठ्यानं वाचला. ‘आमची लेकरं बायपास ओलांडणार नाहीत.’ मग तिनं माझ्याकडं बघितलं.

बायपासला आम्ही बराच वेळ कडेला उभ्या होतो. उसाचे ट्रॅक्टर गेले, सुताचे ट्रक गेले. सगळ्या गावात तो रस्ता ओलांडून शाळेत जाणारी ती एकटीच मुलगी होती. जरा मोकळं दिसलं तसं मी तिचा हात मनगटाला घट्ट धरला आणि आम्ही निघालो.